पुस्तक चांगलं आहे, पण त्यात दिसतं काय?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनगटाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. पटकथा समजून घ्यायला कोणते चित्रपट परत परत पाहावेत? कोणत्या मराठी पुस्तकांवर चित्रपट व्हायला हवा? आणि गटाने स्वतः एखाद्या कथेवर वीस मिनिटांचा लघुपट करायचा ठरवला तर सुरुवात कुठून करावी? तिन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

आधी निवडीचं. ‘सगळ्यांना आवडलेलं पुस्तक’ हा निकष बाजूला ठेवा. वाचताना जो आनंद मिळतो त्यातला निम्मा लेखकाच्या वाक्याचा असतो, आणि पडद्यावर ते वाक्य उरत नाही. उरतं ते एवढंच: कोण, कुठे, कोणासमोर, हातात काय घेऊन, काय करतो. नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) घ्या. पांडुरंग सांगवीकरचा बोलण्याचा सूर काढून घेतला तर घटना म्हणून हाती येतं ते कुठल्याही खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचं आयुष्य. कादंबरी थोर, पण चित्रपटासाठी अतिशय अवघड. उलट आनंद यादवांच्या ‘नटरंग’मध्ये पैलवानकी अंगात भिनलेला गुणा तमाशासाठी नाच्या व्हायला तयार होतो. हा बदल शरीरात घडतो. चाल, खांदे, हात, कंबर, सगळं डोळ्यांसमोर बदलत जातं. त्याच्या मनात काय चाललंय हे कोणी सांगावंच लागत नाही. रवी जाधव यांच्या २०१०च्या चित्रपटात अतुल कुलकर्णी आधी कमावलेल्या देहाने आणि मग रोडावलेल्या देहाने उभे राहतात, तिथेच अर्धी पटकथा झालेली असते.

हे तपासायची एक पद्धत आहे. पुस्तक एकदा नुसतं वाचा, हातात पेन्सिल नको. दुसऱ्या वाचनाला तीन रंग घ्या. जे दिसतं त्याखाली लाल, जे बोललं जातं त्याखाली निळा, जे फक्त मनात चालतं किंवा लेखक सांगतो त्याखाली काळा. सगळं पुस्तक रंगवायची गरज नाही. सुरुवातीची, मधली आणि शेवटची वीस-वीस पानं पुरतात. निम्म्याहून जास्त काळं निघालं तर पुस्तक वाईट ठरत नाही, पण त्या काळ्याचं लाल कसं करणार याचं उत्तर असल्याशिवाय हात घालू नका. ‘निवेदन वापरू’ हे उत्तर बहुतेक वेळा आळसाचं असतं. चित्रात जे दिसतंय तेच निवेदनात आलं तर दोन्ही मरतात. निवेदन टिकतं ते चित्राच्या विरुद्ध बोलतं तेव्हा, किंवा चित्राला ठाऊक नसलेलं सांगतं तेव्हा.

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त नेमका हाच पेच आहे. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आपणच सांगतोय, आणि गंमत आहे ती त्याच्या शेरेबाजीत. सुजय डहाके यांनी केलेला चित्रपट नीट आहे, मुलं उत्तम आहेत, पण कादंबरी वाचताना दर पानावर फुटणारं हसू तिथे विरळ होतं. तो दिग्दर्शकाचा दोष मानू नका. ते हसू वाक्यात होतं. त्याऐवजी चित्रपटाला मिळतात ते चेहरे. आवडणाऱ्या मुलीला, शिरोडकरला, पाहताना मुकुंदाचा चेहरा जे बोलतो ते पुस्तकात कुठेही ‘दिसत’ नाही. काय गेलं आणि त्या जागी काय आलं, असा जमाखर्च प्रत्येक रूपांतराचा मांडता येतो, आणि तो मांडायला चित्रपट पुन्हा पाहावाच लागतो.

पुन्हा पाहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते आता. पहिल्यांदा सलग पाहा, मोबाइल दूर ठेवून. आठ दिवसांनी दुसऱ्यांदा पाहताना मधली वीस मिनिटं आवाज पूर्ण बंद करा. आवाजाशिवाय गोष्ट कळली तर दिग्दर्शकाने काम चित्रावर सोपवलंय. नाही कळली तर ते नाटक आहे, छायाचित्रित केलेलं. तिसऱ्यांदा उलट करा, पडदा झाका आणि नुसतं ऐका. व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) यासाठी घ्या. तो ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आहे आणि त्यात पार्श्वसंगीत नाही. घरातले, भोवतालचे आवाजच ते काम करतात. आजच्या प्रत्येक दृश्याखाली व्हायोलिन पसरणाऱ्या मंडळींनी हा चित्रपट डोळे मिटून ऐकावा. चौथ्यांदा एकच दुय्यम पात्र पकडा आणि ते फ्रेममध्ये असेपर्यंत दुसऱ्या कोणाकडे पाहू नका.

चौथ्या फेरीसाठी ‘सिंहासन’ (१९७९) इतका उपयोगी मराठी चित्रपट दुसरा नाही. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. दोन कादंबऱ्यांतली गर्दी एका चित्रपटात बसवायची तर कुठेतरी दोरा हवा. तो दोरा म्हणजे निळू फुल्यांनी केलेला पत्रकार दिगू टिपणीस. पहिल्यांदा पाहताना लक्ष मुख्यमंत्री आणि अर्थमंत्र्यांच्या डावपेचांकडे जातं. या फेरीत फक्त दिगूमागे फिरा. तो कोणत्या खोलीत जाऊ शकतो, कुठे बाहेर बसवला जातो, कोण त्याला कधी हाक मारतं, हे टिपत गेलात की पटकथेची जोडणी उघडी पडते. त्याला सगळीकडे शिरकाव आहे म्हणून प्रेक्षकालाही आहे. आणि त्याच्या हातात काहीच नाही, म्हणून शेवट तसा होतो. पुढच्या वेळी फक्त टेलिफोन पाहा, कोण फोन करतो आणि कोण उचलतो. सत्तेची उतरंड संवाद न ऐकता कळेल.

दोन मूळ साहित्यकृतींतून एक चित्रपट करण्याची जुनी आणि मोठी मिसाल म्हणजे जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘राशोमोन’ (१९५०). घटना कथाकार अकुतागावाच्या एका कथेतली, वेशीचं ठिकाण आणि नाव दुसऱ्या कथेतलं. शेवटी सापडणारं तान्हं मूल या दोन्ही कथांमध्ये नाही. मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी या तीन गोष्टी वेगळ्या करून बघाव्यात. ‘पाथेर पांचाली’तही तसंच. बिभूतिभूषणांच्या १९२९च्या कादंबरीत दुर्गाची आगगाडी बघायची इच्छा राहूनच जाते. सत्यजित राय यांच्या १९५५च्या चित्रपटात भावंडं काशाच्या फुलांतून आगगाडीच्या दिशेने धावतात, आणि लोकांच्या स्मरणात राहिलं ते हेच दृश्य. कादंबरी हळहळ शेवटी देते, चित्रपटाला तो आनंद आधी दाखवावा लागला; मग दुर्गाचं जाणं आपोआप जास्त लागतं. अशी बदललेली जागा शोधणं हा पुन्हा पाहण्यातला सगळ्यात मोठा लाभ आहे.

पुस्तकावर नसलेले चित्रपटही या अभ्यासात धरा. ‘फँड्री’ पुन्हा पाहताना भिंतींकडे लक्ष द्या. पकडलेलं डुक्कर खांद्यावरून नेणारे लोक ज्या भिंतीसमोरून जातात तिच्यावर कोणाची चित्रं आहेत, आणि कॅमेरा तिथे का थांबलाय, हे पहिल्यांदा निसटण्याचीच शक्यता जास्त. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा प्रसंग संपल्यावरही हलत नाही. कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात, तरी कट येत नाही. पहिल्यांदा पाहताना वाटतं चित्रपट संपला. दुसऱ्यांदा कळतं की त्यानंतरचं न्यायाधीशाच्या सुट्टीचं दृश्य हाच निकाल आहे. ज्या चित्रपटाचं रहस्य कळल्यावर दुसऱ्यांदा काहीच उरत नाही, त्याच्यावर गटाची संध्याकाळ घालवू नका.

गटासाठी एक काम सुचवतो. रूपांतर झालेलं एक पुस्तक घ्या. ‘बनगरवाडी’ सोयीचं आहे: व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी (१९५५) लहान आहे आणि अमोल पालेकरांचा चित्रपट (१९९५) आहे. मोठ्या वहीत सहा रकाने आखा. पान क्रमांक, घटना, जागा, पात्रं, चित्रपटातलं मिनिट आणि शेवटच्या रकान्यात पाचपैकी एक शब्द: ठेवलं, गाळलं, जोडलं (अनेक प्रसंगांचा एक केला), हलवलं, नवं. दोघांनी पुस्तक धरायचं, दोघांनी रिमोट, एकाने लिहायचं. दोन तासांच्या चित्रपटाला हे करायला पाच-सहा तास लागतात, म्हणून दोन बैठका ठेवा. चूक होते ती ‘गाळलं’ या शब्दापाशी. लोक गाळलेल्या प्रत्येक प्रसंगावर हळहळत बसतात आणि ‘जोडलं’कडे लक्षच देत नाहीत. तीन प्रसंगांचं काम एका प्रसंगाने कसं केलं, हे शिकायचं तर तिथेच. पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्या पाहायच्या असतील तर तुमच्या गावातच १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

‘बनगरवाडी’ घेण्याचं आणखी एक कारण. तिच्यात ठळक कथानक नाही. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा उभी करतो, तालीम बांधून घेतो, दुष्काळ पडतो, वाडी उठून जाते. सुट्या प्रसंगांच्या पुस्तकाला धरून ठेवायला एक दाब लागतो, आणि इथे तो पावसाचा आहे. तुमच्या आवडीच्या पुस्तकाला असा दाब आहे का ते पाहा. कर्जाची मुदत, लग्नाचा मुहूर्त, बोटीचा प्रवास, घर रिकामं करायची नोटीस, काहीही चालेल. तो नसेल तर बाहेरून लादू नका, दुसरं पुस्तक घ्या.

आता कोणत्या पुस्तकांवर चित्रपट व्हावा. माझी पहिली पसंती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला. या आधी तिला कोणी हात लावला असला तरी मोठ्या पडद्याला पुरेल इतकं तिच्यात अजून शिल्लक आहे. पण सगळं पुस्तक घ्यायचं नाही. आयुष्यभराची हकिकत दोन तासांत कोंबली की ती वर्षांची जंत्री होते; दर दहा मिनिटांनी नटाचे केस पांढरे होतात आणि प्रेक्षकाचा जीव कशातच अडकत नाही. १८९५ साली त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी. मधली पाच वर्षं घ्या. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जायचं तर सगळं गोत तुटणार. न जावं तर आपण कोण? विटाळ, सोवळं, ताट, पाण्याचं भांडं या सगळ्यांतून ते दिसतं, आणि बाईंचा विनोद संवादातच असल्याने पडद्यावर टिकतो.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) रचनेच्या दृष्टीने जवळजवळ तयार पटकथा आहे. एक बोट, थोडे दिवस, युरोपातून निघालेले निर्वासित, चक्रधर आणि हॅर्टा, आणि येणारं बंदर. मुंबईला तो उतरणार, ती उतरू शकत नाही. दाब आपोआप आहे. अडचण खर्चाची: जहाजाचं डेक, केबिन, भोजनगृह आणि परदेशी नट. समुद्र खिडकीतून दाखवून भागवायचं म्हटलं तर बंदिस्तपणा वाढतो, जो या गोष्टीला मानवतो. इंजिनाचा सततचा आवाज मात्र हवाच.

ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ मालिकेसारख्या लांब रूपाला जास्त शोभेल, एका चित्रपटाला नाही. यमूचं सांगणं संथ आहे आणि त्या संथपणातच छळ साचत जातो. घाईने सांगितलं तर नुसता अत्याचारांचा हिशोब उरेल.

लघुपटासाठी कादंबरी घेऊच नका, कथा घ्या. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ पाहा. भाड्याची खोली मिळावी म्हणून लपवलेली जात, घरमालकाचं आदरातिथ्य, कामाची जागा. प्रेक्षकाला माहीत असलेली गोष्ट समोरच्याला माहीत नाही, त्यामुळे साधा चहाचा कपही धोक्याचा होतो. लोकेशन मोजकी, पात्रं मोजकी, ताण पहिल्या मिनिटापासून.

वीस मिनिटांचं गणित असं. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. वीस पानं, बारा ते पंधरा प्रसंग, तीन-चार जागा, पाच पात्रं. नवख्या युनिटचं दिवसाला चार-पाच पानांपेक्षा जास्त काम होत नाही, म्हणजे शूटिंगचे पाच दिवस धरा. तुलनेसाठी, अडीचशे पानांच्या कादंबरीत साठ-सत्तर हजार शब्द असतात आणि पूर्ण लांबीच्या पटकथेत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच मावतात. त्यामुळे कादंबरीतून गाळायचं काय यापेक्षा उचलायचं काय, हा प्रश्न आधी विचारा. आधी पानभर वन लाइन लिहा: प्रसंगामागे प्रसंग, एकेका ओळीत, संवाद न लिहिता. प्रत्येक ओळीत कोणाला काहीतरी हवंय आणि कोणीतरी आडवं येतंय, असं नसेल तर ती ओळ काढा. संवाद सर्वांत शेवटी. पुस्तकातले संवाद जसेच्या तसे उचलले की नट वाचल्यासारखे बोलतात, कारण छापील संवाद डोळ्यांसाठी असतो. मोठ्याने वाचा, श्वास जिथे अडेल तिथे तोडा.

हक्कांची गोष्ट लेखनाच्या आधी करा. पटकथा तयार झाल्यावर वारसांकडे गेलात की तुमची बाजू लंगडी पडते. आपल्याकडे साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११च्या सुरुवातीपासून मुक्त झाली. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या लेखनाचा हक्क २०२९च्या अखेरपर्यंत आहे. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, हरिभाऊ आपटे १९१९ साली. तिथे वाट मोकळी आहे. बेडेकर (१९९८) आणि बागुल (२००८) यांच्या बाबतीत परवानगी लागणारच. मूळ पुस्तक मुक्त असलं तरी त्यावर झालेल्या जुन्या चित्रपटाचा हक्क वेगळा असतो. त्यातला एखादा नवा प्रसंग उचललात तर अडचणीत याल. अनुवादित पुस्तक असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक अशा दोन परवानग्या लागतात.

प्रकाशकाकडे बहुतेक वेळा फक्त छपाईचे हक्क असतात, तेव्हा त्याचं पत्र पुरत नाही. लेखकाचा किंवा सर्व वारसांचा सही केलेला करार हवा. वारस चार असतील आणि एकाचीच सही असेल तर तो कागद चित्रपट पूर्ण झाल्यावर त्रास देतो. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते याकडे: हस्तांतरणात वेगळं काही लिहिलेलं नसेल आणि एका वर्षात हक्क वापरला नाही, तर तो हक्क संपुष्टात आला असं मानतात. लघुपट, चित्रपट, मालिका, ओटीटी, इतर भाषा, यांतलं काय घेतलंय ते शब्दांत लिहा. ‘सर्व हक्क’ एवढं लिहिण्याने भांडणं सुरू होतात.

राहिलं चित्रीकरण. जुना काळ ठाण्यात उभा करायचा तर कॅमेरा खाली ठेवू नका आणि फार वरही नेऊ नका. खाली पेव्हर ब्लॉक, वर एसीची बाहेरची यंत्रं, डिश आणि केबलच्या वायरी. चेंदणी कोळीवाड्यात एखादं कौलारू घर मिळालं तरी फ्रेमच्या कडेला इमारत डोकावते. अरुंद कोनाच्या लेन्सने, दारातून आत पाहत काम करा. घोडबंदरच्या बाजूला मेट्रोचं काम चालू असेल तिथे संवाद जागेवर ध्वनिमुद्रित करणं कठीण होतं, त्यामुळे रेकी म्हणजे जागेची आधी पाहणी करताना ज्या वेळी शूट करायचंय त्याच वेळी जाऊन पाच मिनिटं आवाज टेप करून आणा. गोविंदा ते नवरात्र या काळात ठाण्यात ढोल कधी सुरू होतील याचा भरवसा नाही. येऊर जंगलाच्या हद्दीत आहे, तिथे वनखात्याची परवानगी लागते. रेल्वे फलाटासाठी रेल्वेची. लहान युनिटने स्टेशनचा प्रसंग शक्यतो पुलाखाली किंवा रिक्षा स्टँडवर हलवावा आणि गाडी फक्त ऐकवावी.

नवी मुंबईत गोष्ट घडवत असाल तर तारखा तपासा. मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला यायला लागली ती १९९२ साली, आणि ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या २००४ साली. १९८५च्या गोष्टीतला नोकरदार वाशीहून लोकल पकडताना दिसला तर इथला पहिलाच प्रेक्षक खुर्चीत हसेल. तो बसने जाईल, आणि बसमध्ये दोन पात्रं तासभर शेजारी बसू शकतात, जे लोकलच्या गर्दीत शक्य नाही. बस भाड्याने घेताना मात्र नंबरप्लेट आणि खिडकीच्या काचा आधी बघून घ्या. नंतरच्या काळातल्या काचांच्या बसमध्ये तो काळ बसत नाही, आणि काचा बदलायचा खर्च अर्ध्या दिवसाच्या शूटिंगएवढा येतो.